टायपिंगच्या दुकानात लिनक्स: हिवाळी अधिवेशनाआधी जमेल का?

शाईपेटी (धागाकर्ती), ३ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये कचेरीच्या रस्त्यावर आमचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. बाबांनी एका टाइपरायटरवर सुरू केलं, आता मी पाहते. तीन कॉम्प्युटर आहेत, तिन्हींवर विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. माझे दोन चौथ्या पिढीचे, एक सहाव्या. तीन नवे घेणं यंदा परवडणारं नाही.

भाच्याने रविवारी पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) चालवून दाखवलं. मला आवडलं. पण दुकान म्हणजे घर नाही, समोर गिऱ्हाईक उभं असतं. आमची कामं अशी: प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, निवेदनं, ऑनलाइन फॉर्म भरणं, मार्कशीट स्कॅन करून देणं. आमच्या काकू बावीस वर्षांपासून रेमिंग्टनवर, म्हणजे टाइपरायटरच्या कळांच्या मांडणीवर, टाइप करतात, कीबोर्डकडे बघतही नाहीत. आणि कृतिदेव या देवनागरी फॉन्टमधल्या जुन्या फाइल्स हजारांनी आहेत. वकील मंडळी येतात आणि म्हणतात, "ताई, २०१४ चा तो करार काढा, फक्त नावं बदला."

डिसेंबरात अधिवेशन. तेव्हा रात्री अकरापर्यंत शटर उघडं असतं. बदल करायचा तर त्याच्या आधी, नाहीतर थेट जानेवारीत. ज्यांनी खरंच रोजच्या धंद्यात वापरलंय त्यांनी सांगा. काय चालतं ते तर सांगाच, पण काय अडतं ते आधी सांगा.

---

तर्री_जास्त

जमते ना ताई, काऊन नाही जमणार! मी धंतोलीत कोचिंग क्लासचे आठ कॉम्प्युटर मिंटवर चालवून राहिलो तीन वर्षांपासून. पोरं काही विचारत पण नाहीत की हे काय आहे. मिंट २२ ची एक्सएफसीई आवृत्ती टाका, जुन्या मशीनवर हलकी पडते आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

---

जुनाट_हार्डडिस्क

आधी एक गोष्ट. या तीन मशीनमध्ये अजून फिरणारी हार्डडिस्क असेल तर लिनक्स टाकूनही संथच वाटेल आणि दोष लिनक्सवर जाईल. एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका. नव्या कॉम्प्युटरच्या मानाने खर्च किरकोळ आहे. रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. चौथ्या पिढीच्या मशीनला बहुतेक डीडीआर३ लागते, डीडीआर४ त्या खाचेत बसतच नाही, म्हणून बर्डीच्या बाजारात जाताना जुनी पट्टी काढून सोबत न्या. मी न बघता घेऊन आलो होतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा चक्कर झाली.

आणि जुनी हार्डडिस्क पुसू नका. काढून, वर तारीख लिहून कपाटात ठेवा. काही फसलं तर परत लावली की दहा मिनिटांत जुनं दुकान सुरू. याच्याइतका स्वस्त विमा नाही.

---

शाईपेटी

@जुनाट_हार्डडिस्क, हे फार आवडलं. हार्डडिस्क बदलून जुनी बाजूला ठेवायची हे मला सुचलंच नव्हतं. भाचा त्याच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवू म्हणत होता.

---

पाटीवरचा_खडू

मी पुण्याचा, वेगळं मत मांडतो. दुकान हे पोट आहे. घरगुती वापरासाठी विंडोज १० ला ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट मिळतात, नोंदणी करावी लागते इतकंच. तेवढं वर्ष काढा, दरमहा थोडे पैसे बाजूला टाका आणि आठव्या पिढीचे वापरलेले कॉम्प्युटर घ्या. अधिवेशनाच्या तोंडावर नवी सिस्टिम शिकणं म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी आचारी बदलणं.

---

इतवारीकर

पाटीवरचा खडू, ती मुदत घरगुती वापराची आहे, ताईंचं दुकान आहे. आणि पुढच्या ऑक्टोबरात हाच प्रश्न पुन्हा दारात.

पण अधिवेशनाच्या तोंडावर तिन्ही एकदम करू नये, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. एकच करा, ताई. तेही गिऱ्हाइकाच्या समोरचं नको, मागचं.

---

दोनशेवाला

कशाला एवढी झंझट? दोनशे रुपयांत विंडोजची की (चालू करायचा कोड) मिळते नेटवर.

---

इतवारीकर

@दोनशेवाला, अशी की चोरीची असू शकते. दुसरं म्हणजे तिने चौथ्या पिढीचा प्रोसेसर काही आठव्या पिढीचा होत नाही. आणि तिसरं, तिथे लोक आपलं आधार आणि बँक पासबुक विश्वासाने देतात. त्या मशीनवर कुठून तरी आणलेलं क्रॅक चालवणं मला पटत नाही.

---

खसची_ताटी

कृतिदेवचा प्रश्न कोणी घेतलाच नाही, तोच खरा आहे. मी महालात बारा वर्षं छपाईची जुळणी करतो, लिनक्सवरच. जरा सविस्तर लिहितो.

कृतिदेवच्या फाइलीत मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं असतात. लहान डी आणि लहान के लिहिलं की फॉन्ट त्याला "का" चा चेहरा देतो. म्हणून ती फाइल लिनक्सवर उघडली की आधी निव्वळ इंग्रजी कचरा दिसतो, आणि माणूस घाबरतो की फाइल गेली. काही गेलेलं नसतं. जुन्या मशीनवरून फॉन्टची फाइल आणा, डबल-क्लिक करा, इन्स्टॉल दाबा, लिब्रेऑफिस (लिनक्सवरचं वर्डसारखं सॉफ्टवेअर) बंद करून पुन्हा उघडा. मजकूर जसाच्या तसा समोर.

यातून दुसरी गंमत निघते. कृतिदेवमध्ये टाइप करायला कुठलंच मराठी कीबोर्ड सॉफ्टवेअर लागत नाही. कीबोर्ड इंग्रजीवर, फॉन्ट कृतिदेव, बास. म्हणजे तुमच्या काकू पहिल्याच दिवशी आपल्या नेहमीच्या वेगाने टाइप करू शकतील.

आता फसतं कुठे ते सांगतो, कारण इथे माझे दोन दिवस गेले होते. लिब्रेऑफिसला वाटतं तुम्ही इंग्रजी लिहिताय, म्हणून ते "मदत" करतं. वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतं. कृतिदेवमध्ये लहान डी म्हणजे क आणि मोठा डी म्हणजे अर्धा क्. त्यामुळे परिच्छेदाच्या सुरुवातीचा प्रत्येक क तुटतो. तसाच प, तसाच न. शिवाय सरळ अवतरणचिन्हाचं ते वळणदार चिन्ह करतं, आणि कृतिदेवमध्ये त्या सरळ चिन्हांवरच श आणि ष बसलेले आहेत. म्हणजे "शपथपत्र" लिहायला घेतलं की पहिल्याच अक्षराला माती. टूल्स मेनूत ऑटोकरेक्ट ऑप्शन्स आहे. तिथे वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करणं, सलग दोन मोठी अक्षरं सुधारणं आणि अवतरणचिन्हं बदलणं, या तिन्ही खुणा काढा. लिहिताना तपासणारी लाल रेघही बंद करा, नाहीतर सगळं पान लाल दिसतं.

नवा मजकूर मात्र युनिकोडमध्येच (म्हणजे आत खरी मराठी अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत) करायची सवय लावा. फॉर्मवर, मेलवर, मोबाइलवर कृतिदेव कुठेच चालत नाही. जुन्या मजकुराला कृतिदेवचं युनिकोड करून देणारी परिवर्तकं ब्राउझरमध्ये चालतात. रूपांतर झालं की रफार आणि पहिली वेलांटी नजरेखालून घालायची. चुकतं ते तिथेच.

---

शाईपेटी

खसची ताटी, तुम्हाला काय म्हणू! शपथपत्राचं उदाहरण वाचून काकू म्हणाल्या, "या माणसाने खरंच टाइप केलंय." अर्धा क् होण्याचा प्रकार भाच्याच्या लॅपटॉपवर आम्ही आज पाहिला आणि फॉन्टच खराब आहे असं समजत होतो. खुणा काढल्या, थांबला.

युनिकोडसाठी काकूंना रेमिंग्टनच हवा. इन्स्क्रिप्ट ही दुसरी कीबोर्ड मांडणी शिका म्हटलं की त्या चहा करायला उठतात.

---

फुटाळ्याची_संध्याकाळ

काकूंचं बरोबर आहे. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी आणि अक्षर नंतर. इन्स्क्रिप्टमध्ये आपण बोलतो त्या क्रमाने, म्हणजे आधी क आणि मग वेलांटी. बावीस वर्षं एका क्रमाने चाललेल्या बोटांना उलटं सांगणं हा छळ आहे.

मिंटमध्ये इनपुट मेथड म्हणून सेटिंग आहे. आयबस हा मराठी टायपिंगचा प्रोग्राम टाका आणि त्याच्यासोबत एम१७एन नावाचं पॅकेज घ्या. मराठीच्या यादीत इन्स्क्रिप्ट, आयट्रान्स, फोनेटिक, गमभन यांच्यासोबत रेमिंग्टनही दिसेल. लॉगआऊट करून परत या, त्याशिवाय लागू होत नाही. इथे बहुतेक जण "चालत नाही" म्हणून सोडून देतात. एकदोन चिन्हं काकूंच्या सवयीपेक्षा वेगळ्या जागी निघू शकतात, म्हणून एक अख्खा करार त्यांच्याकडून टाइप करून घ्या, मगच ठरवा.

तुम्ही स्वतः नव्याने शिकणार असाल तर मात्र इन्स्क्रिप्ट घ्या. त्याला आयबसही लागत नाही, कीबोर्ड लेआऊटच्या यादीतच मराठी आहे. आणि "दुसऱ्या", "तऱ्हा" यातला तो चंद्रकोरीसारखा र कसा काढायचा असं बरेच जण विचारतात: शिफ्ट आणि जे, मग डी, मग य. साधा जे दाबला तर "दुसर्या" होतं आणि मराठी माणसाच्या डोळ्याला खडा लागतो.

---

रामटेकवाली

तो चंद्रकोरीचा र! माझ्या शाळेच्या दाखल्यांवर कित्येक वर्षं "खरयाखुरया" छापत होतो. आज उत्तर मिळालं. वाचनखूण साठवली.

---

बिल्टी_पावती

माझं वाडीला ट्रान्सपोर्टचं ऑफिस. मी गेल्या वर्षी उत्साहाने दोन्ही कॉम्प्युटर लिनक्सवर नेले आणि एक परत विंडोजवर आणला. काय अडलं ते सांगतो, ताईंनी तेच विचारलंय.

एक, छोटा काळा-पांढरा लेझर प्रिंटर. या जातीच्या स्वस्त प्रिंटरना स्वतःचं डोकं नसतं, पानाचं चित्र तयार करायचं काम कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर करतो. कंपनीने लिनक्ससाठी धड ड्रायव्हर दिला नसेल तर प्रिंटर म्हणजे पेपरवेट. स्वयंसेवकांनी बनवलेला ड्रायव्हर मी बसवला. चालला, पण दहा पानांनंतर अडकायचा, मग बंद करून सुरू करायचा. गिऱ्हाइकासमोर ते शक्य नाही.

दोन, डिजिटल सहीचं टोकन. टोकन लिनक्सने ओळखलं. पण ज्या पोर्टलवर सही करायची, त्याची सही करणारी युटिलिटी माझ्याकडे फक्त विंडोजवर चालली.

तीन, हिशेबाचं सॉफ्टवेअर. वाइनमधून (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) चालतं असं लोक सांगतात. मार्चअखेरीला मी ते धाडस करणार नाही.

बाकी मेल, बिल्टी, एक्सेलच्या शिटा, बँक, हे सगळं दुसऱ्या मशीनवर लिनक्सवर आजही सुरळीत आहे.

---

तर्री_जास्त

बिल्टीभाऊ खरं बोलून राहिले. ताई, तुमच्याकडे बोटाचा ठसा घ्यायचं यंत्र आहे काय? माझ्याकडच्याचा ड्रायव्हर विंडोज आणि अँड्रॉइडचाच होता. त्याच्यासाठी मी एक जुना मोबाइल ठेवला.

---

शाईपेटी

ठशाचं यंत्र नाही. डिजिटल सही आमच्याकडे वकील आपापली लॅपटॉपवर करतात. प्रिंटर दोन आहेत: एक मोठं वायफायवालं मशीन, स्कॅनरसकट, आणि एक अगदी तसाच छोटा काळा-पांढरा लेझर, बिल्टी_पावतींनी सांगितला तसला. म्हणजे तो अडणार.

---

जुनाट_हार्डडिस्क

मोठं मशीन नेटवर्कवर असेल तर बहुतेक ड्रायव्हरशिवायच दिसेल, आजकालची वायफाय मशीन आयपीपी किंवा एअरप्रिंट ही छपाईची सामायिक भाषा बोलतात. स्कॅनरसाठी मिंटमध्ये "डॉक्युमेंट स्कॅनर" आधीच असतो, अनेक पानांची एक पीडीएफ सहज होते.

छोट्या लेझरशी भांडू नका. एक कॉम्प्युटर विंडोजवरच ठेवा, त्याचं इंटरनेट काढा, लेझर त्यालाच जोडा. बाकी दोघांवरून पीडीएफ करून त्या मशीनच्या शेअर फोल्डरमध्ये टाका आणि तिथून छापा. तिन्ही मशीन एकाच धर्माची असली पाहिजेत असं काही नाही.

प्रिंटरबद्दल आणखी एक. कागद अडकला की कधीकधी लिनक्स त्या प्रिंटरची रांग थांबवून ठेवतो आणि कागद काढल्यावरही छापत नाही. दहा वेळा प्रिंट दाबलं तरी काही नाही, आणि मग कोणीतरी रांग सुरू केली की दहाच्या दहा प्रती बाहेर! प्रिंटरच्या सेटिंगमध्ये एरर पॉलिसी असते, ती "स्टॉप प्रिंटर" वर असेल तर "रिट्राय जॉब" करा. अडकलेली रांग बघायची तर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि ६३१ हा पोर्ट उघडा, सगळी कामं तिथे दिसतात.

---

मुक्तछंदी

मिंट, मिंट काय लावलंय? सरळ डेबियन हे दुसरं लिनक्स टाका. १९९३ पासून चालू आहे, कोणा कंपनीच्या हातात नाही.

---

तर्री_जास्त

डेबियन मलाही आवडते. पण ज्यांना उद्या सकाळी शटर उघडायचं आहे त्यांना अपडेट मॅनेजर, ड्रायव्हर मॅनेजर, टाइमशिफ्ट (सिस्टिम आधीच्या स्थितीत नेणारं) सगळं लावून दिलेलं पाहिजे. मिंटचीही डेबियनवरची वेगळी आवृत्ती आहे, एलएमडीई. भांडण मिटलं.

---

शेगावचा_प्रवासी

माझ्याकडे बत्तीस बिटवाला फार जुना लॅपटॉप पडला आहे, त्यावर काय चालेल?

---

मुक्तछंदी

@शेगावचा_प्रवासी, उबंटू या लिनक्सवर बेतलेलं मिंट १९.३ नंतर बत्तीस बिटचं निघालं नाही आणि डेबियन १३ चा बत्तीस बिटचा इन्स्टॉलरही नाही. अँटीएक्स हे हलकं लिनक्स बघा. पण खरं सांगायचं तर आजचे वेबसाइटच इतके जड झालेत की १ जीबी रॅमवर ब्राउझर उघडला की मशीन दम टाकतं. त्यावर जुनी गाणी ऐका, लिखाण करा, नेटची आशा सोडा.

---

अंबाझरी_वारा

लाईटचं कोणी बोललं नाही! नागपुरात उन्हाळ्यात दुपारी लाईट जाते हे धरूनच चालावं. माझं अपडेट ऐन मध्यात असताना गेली. इन्व्हर्टर होता, पण कॉम्प्युटर त्याच्यावर नव्हता, कूलर होता. परत सुरू केलं तर प्रत्येक वेळी एकच संदेश, डीपीकेजीचं (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या प्रोग्रामचं) काम अर्धवट राहिलं. मी तासभर डोकं धरून बसले. मग नीट वाचलं तर त्याच संदेशात कोणती कमांड द्यायची ते लिहिलेलं होतं. सुडो डीपीकेजी, त्यापुढे कॉन्फिगर, त्यापुढे ए. चालवली, राहिलेलं काम त्याने पूर्ण केलं आणि सगळं जागेवर. तेव्हापासून मी एरर पूर्ण वाचते.

आणि टाइमशिफ्टची खूण मोठ्या अपडेटआधी एकदा मारून ठेवा. पण एक लक्षात घ्या, टाइमशिफ्ट सिस्टिम परत आणतं, तुमच्या फाइल्स नाही. घरचा फोल्डर ते मुद्दाम वगळतं. करारांच्या फाइल्स वेगळ्या डिस्कवर घ्यायच्याच.

---

तर्री_जास्त

अवांतर: पंचेचाळीस डिग्रीत कॉम्प्युटरला नाही, कूलरलाच इन्व्हर्टर पाहिजे. ताईचा निर्णय बरोबर होता.

---

अंबाझरी_वारा

😀 घरी सासूबाई होत्या, निर्णय त्यांचा.

---

खसची_ताटी

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मे महिन्यात माझं मशीन दुपारी आपोआप बंद व्हायचं. मी नवीन कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) दोष देत होतो. सेन्सर्स नावाचा छोटा प्रोग्राम टाकून प्रोसेसरचं तापमान पाहिलं, पार वर चढलेलं. उघडलं तर पंख्यावर धुळीची गोधडी. साफ केलं, थर्मल पेस्ट नवी लावली, बंद होणं थांबलं.

---

शाईपेटी, १२ नोव्हेंबर

प्रगती सांगते. मागच्या एका मशीनला एसएसडी आणि ८ जीबी रॅम टाकली, मिंट बसवलं. (जुनी पट्टी सोबत नेली होती, आभार.) वायफाय सुरुवातीला दिसतच नव्हतं. भाच्याने मोबाइल यूएसबीने लावून त्याचं नेट दिलं, मग ड्रायव्हर मॅनेजरने वायफायचा ड्रायव्हर स्वतःच शोधला. मोबाइल असा लावता येतो हे मला माहीत नव्हतं, दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल.

मागच्याच दुसऱ्या मशीनवर भाच्याने माझं न ऐकता एकाच डिस्कवर दोन्ही टाकलं. आता विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दाखवतं. आज सकाळी अकरा वाजता एका भाडेकराराच्या छापील पानावर पहाटे साडेपाचची वेळ आली. गिऱ्हाईक म्हणालं, "एवढ्या पहाटे कोण करार करतं?"

---

फुटाळ्याची_संध्याकाळ

साडेपाच तास हा आकडा पाहिला की ओळखायचं. लिनक्स मशीनमधल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतो आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतो. विंडोज त्याच घड्याळातली वेळ स्थानिक आहे असं धरतो. दोघं एकाच घड्याळावर दोन भाषा बोलतात. टाइमडेटसीटीएल या कमांडमध्ये लोकल आरटीसी नावाची सोय आहे, ती १ करा. दोघंही स्थानिक वेळ धरतील.

विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअपही बंद करा. नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्समधून त्याची डिस्क फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. मग "फाइल सेव्ह होत नाही" असा नवा धागा निघेल.

---

पाटीवरचा_खडू

मी सुरुवातीला विरोध केला होता, पण धागा वाचतोय. एक प्रश्न: वकिलांना वर्डची फाइल लागते. लिब्रेऑफिसमध्ये केलेली फाइल त्यांच्याकडे उघडल्यावर चार पानांची पाच होते, हे मी अनुभवलंय. त्याचं काय?

---

खसची_ताटी

फॉन्टमुळे होतं. वर्डमधला मंगल किंवा निर्मला लिनक्सवर नसतो, म्हणून त्याच्या जागी दुसरा फॉन्ट येतो, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात. दोन्हीकडे असलेला एकच मुक्त फॉन्ट ठरवा. मी 'मुक्त' नावाचाच फॉन्ट वापरतो, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या मंडळींनी केलेला, फुकट आहे आणि वकिलांकडेही बसवता येतो. इंग्रजीसाठी लिबरेशन सेरिफची रुंदी टाइम्स न्यू रोमनसारखीच आहे आणि कार्लिटोची कॅलिब्रीसारखी, त्यामुळे तिथे फार फरक पडत नाही. आणि ज्यात बदल करायचा नाही ते पीडीएफमध्येच द्या.

लिब्रेऑफिसमध्ये मराठीचा आकार वाढवताना अनेकांची चिडचिड होते, कारण इंग्रजीचा फॉन्ट वेगळा आणि मराठीचा वेगळा असे दोन कप्पे असतात. स्टाइलमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्टचा फॉन्ट आणि आकार एकदाच लावून टाका. तिथे भाषा हिंदी असेल तर मराठी करा.

---

रामटेकवाली

भाषा मराठी केल्याने काय फरक पडतो?

---

खसची_ताटी

शुद्धलेखनाची तपासणी मराठीची लागते, हा एक. आणि दुसरा माझ्या जिव्हाळ्याचा. मराठीतला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे आहेत. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि भाषा मराठी ठेवली की मराठी वळण येतं. टिरो देवनागरीचे तर मराठी आणि हिंदी असे वेगळे फॉन्टच निघालेत. आपल्या पाटीवर, आपल्या करारावर आपलाच ल असावा असं मला मनापासून वाटतं.

---

रामटेकवाली

हे वाचून छान वाटलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं सगळं मुक्त प्रणालीवर चालतं, मुलं तिथेच शिकतात. आमच्याकडे चार दान केलेले कॉम्प्युटर आहेत, विंडोज बंद पडलेले. या धाग्यातल्या सूचना छापून घेतल्यात, दिवाळीच्या सुट्टीनंतर एक सुरू केला. मुलांनी पहिल्यांदा आपलं नाव मराठीत टाइप केलं. एकाने विचारलं, "मॅडम, हे घरी नेता येते का?" मी म्हटलं, पेनड्राइव्ह आण, देते. असं हो म्हणता येतं, कोणाची परवानगी लागत नाही, यासाठी मला हे आवडतं.

---

मुक्तछंदी

+१. मोफत आणि मुक्त यातला फरक यापेक्षा सोपा करून कोणी सांगितला नव्हता.

---

शाईपेटी, २१ डिसेंबर

धागा वर आणते. अधिवेशन संपलं, झोप झाली, आता लिहिते.

शेवटी ठरलं ते असं. मागची दोन मशीन मिंटवर. भाच्याचा दोन-दोनचा प्रयोग काढून टाकला, दोघांना स्वतंत्र एसएसडी, जुन्या डिस्का तारखेसकट कपाटात. समोरचं मशीन विंडोजवर, इंटरनेटशिवाय, छोटा लेझर त्यालाच. ऑनलाइन फॉर्म सगळे मिंटवर भरले. फॉर्मला फोटो ५० केबीच्या आत लागतो, ते गिम्प या फोटोच्या प्रोग्राममध्ये एक्स्पोर्ट करताना क्वालिटी कमी करून होतं. सुरुवातीला वेळ लागायचा, आता दुकानातली पोरगी मिनिटात करते.

अडलं काय? एका भरतीच्या फॉर्मचं पेमेंटचं पान फायरफॉक्समध्ये पुढे जाईना, क्रोमियममध्ये गेलं. मोठ्या मशीनवर दोन्ही बाजूंनी छापायची खूण दरवेळी हलायची, ती प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कायमची लावल्यावर थांबली. आणि एकदा आयबस मध्येच रुसला, काकूंचं रेमिंग्टन इंग्रजीत उमटायला लागलं. लॉगआऊट करून परत आल्यावर सुधारलं, पण ती दोन मिनिटं माझ्या हाताला घाम सुटला होता, कारण समोर निवेदनवाले उभे होते.

तो दिवस सांगते. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला मोर्चा अडवला होता. शिष्टमंडळ आत जायचं आणि निवेदनातली मागणी तीन वेळा बदलली. तीनदा माणूस पळत दुकानात आला. तिसऱ्यांदा काकूंनी युनिकोडमध्ये, रेमिंग्टनवर, मिंटवर, अख्खं पान पुन्हा टाइप करून दिलं आणि मी तीच फाइल त्याच्या मोबाइलवरही पाठवली. त्याने तिथेच उघडून वाचली. कृतिदेवमध्ये हे कधीच झालं नसतं.

तिसरं मशीन मार्चनंतर बघू. छोट्या लेझरने साथ सोडली तर लवकर.

---

बिल्टी_पावती

ताई, माझ्याकडे तो परत आणलेला कॉम्प्युटर आहे ना, त्यावर आता पुन्हा प्रयत्न करतो, पण जुनी डिस्क बाजूला ठेवून. पहिल्या वेळी मी तीच पुसली होती.

---

खसची_ताटी

काकूंना नमस्कार सांगा. फॉन्ट कोणता ठेवला शेवटी?

---

शाईपेटी

मुक्त. काकूंनी पहिलं पान छापल्यावर चष्मा काढून जवळून पाहिलं आणि म्हणाल्या, "ल आपला नाही वाटत." भाषा हिंदीवरच राहिली होती आणि मुक्तचा ल त्यांना तसाही रुचत नव्हता. मराठी केली, शीर्षकाला टिरो मराठी लावून परत छापलं. मग त्यांनी ते पान काचेखाली ठेवलं, अजून तिथेच आहे.